हरिपद मिस्त्री आणि दाजींच्या गाडीचे ब्रेक

कलकत्त्याला जाऊन आलो म्हटल्यावर सांगलीत जो तो विचारतो, काय काय पाहिलंत? राणीचा संगमरवरी महाल पाहिला का, बागेतला तो जुना वड पाहिला का, दक्षिणेश्वर झालं का? नाही हो, काहीसुद्धा पाहिलं नाही. अकरा दिवस होतो, त्यातले बरेचसे तिथल्या बेहाला भागात एका जुन्या विलायती गाडीच्या चाकाशी उकिडवा बसून काढले. ज्यांना देखाव्यांची वर्णनं हवीत त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं. मी गॅरेजवाला माणूस. जे हाताला लागलं तेच लिहितोय, आणि त्यातलं काही लिहिताना लाज वाटतेय, हे आधीच सांगून टाकतो.

हावडा

आगगाडीतल्या दोन रात्रींबद्दल काही लिहीत नाही. कमरेचा काटा ढिला झाला, एवढं पुरे. सकाळी हावड्याला उतरलो तर सूर्य होता की नव्हता, कळेना. पौष संपत आलेला, नदीवर धुकं, आणि त्या धुक्यात घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्यांचा धूर मिसळलेला. एवढा मोठा पूल, पण त्याचं वरचं टोक काही दिसलं नाही. पहिल्याच श्वासाला मी जो खोकायला लागलो, तो परत सांगलीत आल्यावर थांबलो.

दाजी घ्यायला आले होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन तीस वर्षांपूर्वी कलकत्त्याला गेले आणि तिथलेच झाले. रिटायर झाल्यावर बेहाल्यात छोटंसं घर बांधलं. सहा फूट उंच, ताठ माणूस, पण डोक्यावर लोकरीची माकडटोपी. त्या शहरात थंडी पडो न पडो, पुरुष मंडळी कार्तिकापासून कान झाकून बसतात. आमच्याकडे एवढ्या थंडीत लोक नदीवर अंघोळीला जातात, असं मी म्हटलं, तर दाजी हसले नाहीत.

"टॅक्सीनं जायचंय दत्तू," ते म्हणाले. "तुला आणायला मी टॅक्सीनं आलो, बघ ही वेळ. त्या हरिपद मिस्त्रीनं घात केला माझा."

वाटेत सगळी हकिगत ऐकली. गाडी म्हणजे दाजींचा जीव की प्राण. चहाच्या कंपनीतला एक साहेब गाशा गुंडाळून विलायतेला गेला तेव्हा त्याच्याकडून घेतलेली, गडद हिरव्या रंगाची. मागच्या महिन्यात बाजाराच्या नाक्यावर दाजींनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी उसळली. थेट मुढीवाल्याच्या टपरीत. मुढी म्हणजे आपले चुरमुरे. मुढीवाला पाणी आणायला पलीकडे गेला होता म्हणून वाचला. टपरीचा चुरा झाला, रस्ताभर चुरमुरे.

"ब्रेकचं काम आठच दिवस आधी हरिपदनं केलेलं. त्यानं कबूलही केलं की रबर खराब होतं म्हणून. आता माझा त्याच्यावर विश्वास नाही. तू बघ. तू घरचा आहेस."

दोन्ही बाजूंच्या भिंतींवर घोषणा रंगवलेल्या, त्यावर डांबर फासलेलं, त्यावर परत घोषणा. दुकानं निम्मी उघडी. माणसं चालताना एकमेकांकडे बघत नव्हती. मला ते शहर काही आवडलं नाही, खोटं कशाला बोलू?

बेहाला

अक्कानं दारातच विचारलं, "ज्वारीचं पीठ आणलंस ना रे?" तिथे सगळं मिळतं, ज्वारी मिळत नाही. तिनं लगेच भाकरी थापली, पण सोबतची डाळ गोड! "अगं, डाळीत साखर?" मी ओरडलो. "पडते आता हातानं," ती म्हणाली. भाकरीबरोबर खजुराचा नवा गूळ दिला. त्याला त्यांच्याकडे नोलेन गूड म्हणतात, आणि तो मात्र मी ताटात उरू दिला नाही. आपला कोल्हापूरचा गूळ मोठाच, पण या गुळाला धुराचा जो वास आहे तो मी आणखी कुठे घेतला नव्हता.

जेवताना दिवे गेले. तिथे ते रोजच जातात, कुणी हूं की चूं करत नाही. अंधारात दाजींनी खरी घाई सांगितली. पंधरा वर्षं गल्लीतल्या मुलांची सरस्वतीची मूर्ती त्यांच्या गाडीतून येते. आपल्याकडे दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, आपट्याची पानं वाटली की झालं. तिकडे वसंतपंचमीला गल्लोगल्ली मूर्ती बसते आणि तोवर पोरं बोरं तोंडात घालत नाहीत. कालीघाटच्या मूर्तिकारांकडून मूर्ती आणायची, ती मागच्या सीटवर, तिला धरून सहा-सात पोरं, आणि पुढे सारथी दाजी.

"यंदा गल्लीतल्या पूजेच्या क्लबातली मंडळी म्हणतात, ठेला करू, हातगाडी. का? तर माझ्या गाडीची भीती वाटते. पंचमीला आठ दिवस आहेत. तू ब्रेक ठीक कर, मग बघतो कोण ठेला करतं ते."

अक्कानं कंदिलाची वात तेवढी वर केली.

हरिपदचं वर्कशॉप

दुसऱ्या दिवशी मी गेलो तो भांडायच्याच तयारीनं. ट्रामच्या रुळांपलीकडे पत्र्याची शेड, आत एक पन्नाशीचा हडकुळा माणूस, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. शेडमध्ये एकही गाडी नव्हती. दाजींचा शब्द गल्लीत फार मोठा. त्यांनी चार घरी सांगितलं आणि चारांनी चाळीस घरी सांगितलं. हरिपद पूर्व बंगालचा, फाळणीत सगळं टाकून आलेला. त्याची हिंदी बंगालीत भिजलेली, माझी मराठीत, तरी पाच मिनिटांत आमचं जमलं. हत्यारं हातात असली की भाषा फारशी लागत नाही.

इथे जरा थांबून सांगायला हवं. आपल्याकडच्या गाड्यांना ड्रमचे ब्रेक. या विलायती गाडीला पुढच्या चाकांना चकतीचे. चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते आणि तिला दोन्ही बाजूंनी पकडायला कॅलिपर. गरम पातेलं सांडशीनं धरावं, तसं ते चकतीला धरतं. आत पिस्टन, पिस्टनभोवती रबरी रिंग, मागून तेलाचा दाब. बंगालच्या दमट हवेत पिस्टनला गंज चढतो, मग तो अडकतो. नवा मागवावा तर परदेशी माल येणं बंद. तेव्हा हरिपदनं काय केलं असेल? हावड्याच्या एका लेथवाल्याकडून चारी पिस्टन नवे कातून घेतले आणि त्यांवर क्रोम चढवून आणलं. मी दाजींच्या अंगणातल्या गाडीचं कॅलिपर सोडवून शेडमध्ये आणलं, पिस्टन बाहेर काढला, उजेडात धरला. आरसा! मी तीस वर्षं हातोडा धरतोय, पण माझ्या गॅरेजातून असं काम कधी बाहेर पडलं नाही. कौतुक तोंडावर आलं होतं, मी ते गिळलं. भांडायला गेलो होतो ना.

वर आणखी शोभा झाली ती वेगळीच. रिंगा काढल्या आणि हाताच्या सवयीनं रॉकेलच्या डब्यात बुडवायला निघालो. आमच्याकडे सगळं रॉकेलनंच धुतात. हरिपदनं माझं मनगट पकडलं.

"ना ना दादा! केरोसिन नॉय!"

रॉकेल लागलं की हे रबर फुगतं, पिस्टन आवळून बसतो आणि ब्रेक जळतात, असं त्यानं मला समजावलं, आवाज न चढवता. ते फक्त ब्रेकच्या तेलानंच धुवायचं. सांगलीचा दत्तू मिस्त्री कान पकडल्यासारखा खाली बघत बसला. मग त्यानं मातीच्या कुल्हडमधून चहा मागवला आणि स्वतःच्या वाटणीची साखर माझ्या चहात घातली, कारण मी पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं होतं.

चार दिवस आम्ही ते काम केलं. दोन्ही कॅलिपर, पॅड, नळ्या, सगळं. कुठेही खोट सापडली नाही. "मग रबर खराब होतं असं का सांगितलंस?" मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो पाना शोधायला उठला.

दाबा आणि सोडा

पाचव्या दिवशी दाजींच्या अंगणात कॅलिपर परत बसवून ब्रेकमधली हवा काढायची होती, आणि माझ्या शब्दावर दाजींनी हरिपदलाही मदतीला येऊ दिलं होतं. याला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकाशी बसून कॅलिपरवरची हवा सोडायची छोटी बोंडी उघडायची. हवेचे बुडबुडे असलेलं तेल पिचकारीसारखं येतं, मग बोंडी बंद, मग ब्रेक सोडायचा. पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. आत दाजीच बसले. त्यांच्या गाडीत दुसऱ्या कुणाचा पाय पॅडलवर पडलेला त्यांना खपत नसे.

"दाबा, दाजी."

"दाबलंय."

बोंडी उघडली. तेल आलं. असं सात-आठ वेळा झालं. मग एकदा "दाबलंय" म्हणाले आणि थेंबही आला नाही.

"दाबा ना दाजी!"

"अरे, सगळा जोर लावून दाबलंय! काय करतोयस खाली?"

मी उठून उघड्या दारातून आत पाहिलं. दाजींचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता. पार तळापर्यंत दाबलेला, मांडी थरथरतेय, आणि चेहऱ्यावर खात्री की पायाखाली ब्रेक आहे. इंजिन बंद होतं म्हणून आवाज नव्हता, एवढंच.  मी हरिपदकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता.

त्यानंतर नाक्यावरच्या चहाच्या दुकानात त्यानं सांगितलं. टपरी उडायच्या आठ दिवस आधी, असंच हवा काढताना त्याला कळलं होतं. बाबूंना, म्हणजे दाजींना, आपला पाय कुठे पडलाय ते कळत नाही. "एवढा मोठा माणूस, दादा. मी मिस्त्री. मी त्यांना कसं सांगू, तुमचा पाय मेला?" टपरी उडाल्यावर दाजी तावातावानं त्याच्याकडे आले, तेव्हा तो म्हणून गेला, बाबू, रबर खराब होतं, माझीच चूक. आता ते गाडी ठेवून देतील, असं त्याला वाटलं. ते गल्लीभर सांगत सुटतील, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

घरी येऊन स्वयंपाकघरात अक्काला गाठलं. ती पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "साखरेचा आजार आहे. डॉक्टर म्हणाले, पायाची जाणीव चाललीय. मागच्या थंडीत गरम पाण्याच्या पिशवीनं तळवा भाजला, फोड आला, तरी पत्ता नाही. मी सांगितलं की म्हणतात, तुला गाडीतलं काय कळतं. तुझं ऐकतील. म्हणून तर तुला बोलावलं, दत्तू."

म्हणजे गाडी बघायला मला कुणी बोलावलंच नव्हतं.

वसंतपंचमी

सांगायला किती सोपं होतं! दाजी, ब्रेक ठणठणीत आहेत, पाय गेलाय. पण तुम्ही त्या माणसाला पाहिलं नाहीत. दोन दिवस आधी त्यांनी गाडी स्वतः धुतली, टायरांना काळं पॉलिश लावलं, आणि क्लबातल्या दोन गृहस्थांना निकाल ऐकायला अंगणात बोलावलं. हरिपदलाही बोलावलं, सगळ्यांसमोर त्याची चूक दाखवायला.

"हं, बोल दत्तू. आता काही भीती नाही ना?"

सात पोरं डोळ्यांपुढे आली. हरिपद आला. दाजींचे ते पॉलिशनं काळे झालेले हात दिसले. आणि मी भेकडासारखा बोललो, "दाजी, गाडी काढू नका. कॅलिपरच गेलेत. पिस्टन नीट कातलेले नाहीत. नवे बाहेरून येतील तरच, आणि ते येणं बंद आहे."

हरिपदनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्या पिस्टनांसाठी तो किती वेळा हावड्याला गेला असेल, कोण जाणे. मग हात जोडून म्हणाला, "आमारई भूल, बाबू." माझीच चूक.

"बघा!" दाजी क्लबवाल्यांकडे वळले. "सांगत नव्हतो मी? आता तर खुद्द आमच्या मेहुण्यानं सांगितलं." त्यांचा चेहरा उजळला होता. गाडी जाणार होती त्यापेक्षा आपण खरे ठरलो याचंच त्यांना बरं वाटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मूर्ती ठेल्यावरून आली. पोरी पिवळ्या साड्या नेसून हिंडत होत्या, मंडपात खिचडी आणि बोरांची चटणी होती, सगळं छान होतं म्हणे. दाजी व्हरांड्यात माकडटोपी घालून बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून पिस्टनची गोष्ट ऐकवत होते, आणि प्रत्येक वेळी हरिपद थोडा जास्त वाईट होत होता. मी खिचडीचे दोन घास खाल्ले आणि पान बाजूला ठेवलं. अक्का म्हणाली, "पोरं वाचली ना? मग झालं." पण तिचाही हात माझ्या पाठीवरून लगेच निघाला.

परतीची वाट

निघायच्या दिवशी दाजी हट्टानं टॅक्सीतून पोचवायला आले. सकाळचे आठ, रस्त्यावर धूर तसाच. वळणावर हरिपदची शेड दिसली. निम्म्या फळ्या लावलेल्या, तो उंबऱ्याशी बसलेला. हातात काम नाही.

"पाहिलंस?" दाजी म्हणाले. "फसवणाऱ्याचं शेवटी असंच होतं."

मला राहवलंच नाही. ड्रायव्हरला मराठी कळत नव्हती ते बरं. "दाजी, त्यानं फसवलं नाही. मी फसवलं. त्याच्यासारखं काम मला सात जन्मांत जमायचं नाही. ब्रेक उत्तम आहेत. त्या दिवशी हवा काढताना तुम्ही दाबलंय म्हणालात, तेव्हा तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. टपरीच्या वेळीही तेच झालं असणार."

"काय बोलतोयस तू? कुणाशी बोलतोयस?"

"तुमच्याशीच बोलतोय. पायाला कळत नाही, दाजी."

 टॅक्सी शेडच्या पुढे गेली. मग दाजींनी खालच्या आवाजात विचारलं, "अक्काला माहितेय?"

"हो."

"आणि हरिपदला?"

"सगळ्यांच्या आधी."

"मग बोलला का नाही तो?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

दाजींनी खिडकीबाहेर पाहिलं. ओठ हलत होते. "रोको," ते एकदम ड्रायव्हरवर ओरडले. टॅक्सी नीट थांबायच्या आत दार उघडून उतरले आणि मागे चालायला लागले. तीच ताठ चाल. मी पैशांचं बघून मागे धावलो. ट्रामच्या रुळांपाशी त्यांची उजवी चप्पल पडली होती. ते तसेच पुढे गेले होते, एक पाय अनवाणी, शेगड्यांची राख आणि फुटक्या बाटल्यांच्या काचा पडलेल्या रस्त्याच्या कडेनं. मी हाक मारली, तेवढ्यात ट्राम आडवी आली.

ट्राम गेल्यावर मी चप्पल घेऊन पलीकडे पोचलो. दाजी हरिपदसमोर हात जोडून उभे होते. माकडटोपी काढून काखेत धरलेली. बोलताना त्यांचा आवाज फाटत होता. हरिपद मात्र त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो झटकन खाली बसला, दाजींचा उजवा पाय दोन्ही हातांत घेतला आणि टाचेत रुतलेली काच बोटांनी ओढायला लागला. उंबऱ्याच्या फळीवर रक्ताचे थेंब पडत होते.

"अरे, हे काय करतोस हरिपद!" दाजी रडत म्हणाले. "पाया कसला पडतोस माझ्या? माफी मी मागतोय."